पहिल्या ओळीचं पाणी

तेओफिलाचा विश्वास दोनच गोष्टींवर होता: स्वतःच्या नाकावर आणि वडिलांच्या द्राक्षवेलींवर. दूध ती दूधवाल्यासमोरच हुंगून घ्यायची. पाद्रीबाबांनी रविवारची प्रार्थना लवकर आटोपली, तर यांना आज जेवायला कुणी बोलावलंय याचा शोध घ्यायची. नवऱ्यालाही सूट नव्हती. लग्नानंतर काही वर्षांनी एवेलियो अचानक दुपारची भांडी घासायला लागला, तेव्हा तिने महिनाभर चोना या शेजारणीवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. काही सापडलं नाही. पण तेवढ्यावरून संशय सोडून देणाऱ्यांतली ती नव्हती.

वेलींची गोष्ट वेगळी. टेकाडावरच्या त्या बुटक्या वेली मांडवावाचून, तारांवाचून, आपापल्या खोडावर उभ्या होत्या. वडिलांनी त्या लावल्या तेव्हापासून त्यांना कुणी थेंबभर पाणी घातलं नव्हतं. हिवाळ्यात पडेल तो पाऊस त्यांचा. पाऊस सरला की दंताळं फिरवून मातीचा पिठासारखा भुगा करून ठेवायचा, म्हणजे खालची ओल उडत नाही. “आमच्या वेली देवाच्या हातचं पितात,” हे ऐकवून तिने ग्वादालुपेचं अख्खं खोरं बेजार केलं होतं. हल्ली मात्र लोक मुकाट ऐकून घेत. तीन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता, बोअरना खारट पाणी येत होतं आणि ठिबकवरच्या बागा माना टाकत होत्या.

ऑगस्टमध्ये एन्सेनादा शहरातून नायेली नावाची इंजिनीअर मुलगी आली. तिला दुष्काळात तगणाऱ्या वेली हव्या होत्या. आता निवडून फिती बांधायच्या, जानेवारीत छाटणीच्या काड्या न्यायच्या आणि खोऱ्यातल्या वीस बागांमध्ये लावायच्या, असा तिचा बेत होता.

“आणि हॉटेलवाल्यांनी तुला किती दिले?” तेओफिलाने विचारलं.

“कसले हॉटेलवाले, दोन्या तेओ? वेलींना तुमच्या वडिलांचं नाव राहील,” नायेली म्हणाली. थोरल्या बाईला तिकडे मानाने ‘दोन्या’ म्हणतात.

तेओफिलाला मूलबाळ नव्हतं. आपण डोळे मिटले की टेकाडावर हॉटेल उभं राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वीस बागांमध्ये बाबांच्या वेली! तोंडाने ती एवढंच म्हणाली, “बघ काय बघायचंय ते. हात लावशील तर विचारून.”

नायेलीने गिरमिटाने माती काढून पाहिली. मागच्या ओळींत वरची माती कोरडी ठणठणीत, पण दोन हात खाली गारवा होता, आणि वेली हिरव्यागार. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच्या पहिल्या ओळीत सगळं उलटं निघालं. वर वीतभर ओल, खाली दगडासारखी कोरडी माती. पानं कडेने करपलेली.

“इथं कुणीतरी पाणी घालतंय,” नायेली म्हणाली.

“जीभ झडेल तुझी!”

“मला कोरडवाहू बाग हवी, दोन्या. चोरून पाणी पाजलेल्या बागेवर मी फीत बांधू शकत नाही. शुक्रवारी येते. तोवर छडा लावा.”

तेओफिलाने पहिल्यांदा नायेलीवरच संशय घेतला. बाग बदनाम झाली की स्वस्तात घशात घालायला बरी. मग कुंपणापलीकडच्या रुतिलियोवर; त्याचा पाइप फुटला असणार, नाहीतर त्याने मुद्दाम फोडला असणार. तिने पहिली ओळ दंताळ्याने गुळगुळीत करून ठेवली. मुंगी चालली तरी उमटली असती.

दुसऱ्या दिवशी, दुपारची डुलकी झाल्यावर ती पाहायला गेली. मातीत सपातांचे ठसे होते. प्रत्येक ठशाशेजारी काठीचं गोल भोक.

काठी घरात एकच होती. जूनमध्ये खुबा मोडून एवेलियो तीन आठवडे दवाखान्यात होता, तेव्हापासूनची. त्याच जूनमध्ये पहिली ओळ करपायला लागली होती. तिच्या ते आत्ता ध्यानात आलं.

तो मागच्या दाराशी बादली विसळत होता.

“कधीपासून चाललंय हे?”

एवेलियोने बादली खाली ठेवली. “आपल्या लग्नानंतरचा तो मोठा दुष्काळ आठवतो? पहिली ओळ सुकायला लागली होती. तू खिडकीशी उभी राहून रडायचीस, जेवायची नाहीस. पाऊस काही मला पाडता येत नव्हता, म्हातारे. भांड्यांचं पाणी होतं. साबणाचं नाही हं, नंतर विसळलेलं.”

“चाळीस वर्षं! आणि मी जगभर सांगत फिरले!”

“किती खुशीत सांगायचीस,” तो म्हणाला. “मोडवेना माझ्याने.”

ती पायरीवर बसली. राग शोधत होती, पण नेमका आज तो सापडेना.

शुक्रवारी नायेलीची गाडी फाटकात शिरली तसा एवेलियो कुजबुजला, “रुतिलियोचा पाइप फुटला होता म्हणून सांग. कुणाला कळतंय?”

कुणालाच कळलं नसतं. पण दूध हुंगून घेणारी बाई लोकांच्या वीस बागांना खोटी काडी कशी देणार? तिने सगळं सांगून टाकलं, मान खाली घालून, आणि नायेलीची गाडी आता परत जाणार म्हणून फाटक उघडायला निघाली.

“थांबा, कुठं निघालात?” नायेली म्हणाली. “वेली त्याच, माती तीच. या ओळीला रोज वरच्यावर पाणी मिळालं, मुळं वरच राहिली. तीन आठवडे बादली चुकली आणि ती करपली. बाकीच्या ओळी पाण्याच्या शोधात खोल गेल्या. ही ओळ नसती तर हे मी कुणाला दाखवलं असतं?” दुसऱ्या ओळीपासून ती फिती बांधत गेली. मग एवेलियोला म्हणाली, “एकदम बंद करू नका, मरतील. आठवड्यातून एकदा घाला, खोडापासून लांब, भरपूर. खाली जायला शिकतील.”

पुढच्या शनिवारी तेओफिलाने सगळ्या ओळी दंताळल्या. पहिल्या ओळीत खोडांपासून दोन हात लांब, सपातांचे आणि काठीचे ताजे ठसे होते. तिथं तिने दंताळं उचलून धरलं.

कुंपणापलीकडून रुतिलियोने हाक मारली. “दोन्या तेओ, देवाच्या हातचं पिणाऱ्या वेलींत ही पावलं कुणाची?”

“माझ्या नवऱ्याची,” ती खोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “पाणी घालतो तो.”