गुडघ्याला लावलेले लेप

आमच्या समोरच्या काकूंच्या छातीत गाठ आहे. सांगलीतल्या डॉक्टरांनी सुई घालून तपासली, साधी निघाली. काढायची गरज नाही, अधूनमधून दाखवत जा, म्हणाले. काकू हे विचारणाऱ्याला सांगतात, न विचारणाऱ्यालाही सांगतात. तरी गल्लीतल्या बायका बिस्किटचे पुडे घेऊन येतात आणि शेवटचं बघितल्यासारखं त्यांना बघून जातात. काकू चहा टाकतात आणि त्याच पुड्यातली बिस्किटं त्यांच्यापुढे ठेवतात.

प्रत्येकीकडे एक लेप असतो. हळदीचा, एरंडाच्या पानाचा, एक तर थेट आटपाडीहून आलेला. काकू कुणालाच नको म्हणत नाहीत. सगळे लेप गुडघ्याला लावतात. "गुडघा लय हलका झालाय," म्हणतात. पाळीच्या आधी गाठ ठणकते, तेव्हा दळणाचा डबा दुसऱ्या कडेवर घेतात, एवढंच.

गेल्या महिन्यात आंघोळ करताना माझ्याही छातीत हाताला गाठ लागली. घरात कुणाला बोलले नाही. वाटी घेऊन काकूंकडे गेले आणि विचारलं, "त्यातला एखादा लेप उरलाय का?"

काकूंनी आधी माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मग तोंडाकडे. गॅस बंद केला, दाराला कुलूप लावलं आणि रिक्षा थांबवली.

दवाखान्याच्या बाकावर त्यांनी पिशवीतून पुडा काढला. मी विचारलं, "काकू, माझी पण साधीच असंल न्हवं?"

"मला काय ठावं? म्हनून तर आलोय. बिस्किट खा."