खोडाळ्यात दाखवलेला 'चांगला' सिनेमा

नाशिकला एम.ए. करून मी जव्हारला शिकवायला लागलो, तेव्हा पदवीबरोबर अभिरुचीही घेऊन आलो. हळदीला डीजे लागला की मी तोंड वाकडं करून मांडवाबाहेर उभा राहायचो. पायानं ताल धरलाच, तर चप्पल नीट करतोय असं दाखवायचो. एसटीत मांडीवर जाडजूड अनुवादित कादंबरी असायची. मोखाडा आलं तरी पान तेच, पण मुखपृष्ठ शेजारच्याला दिसेल अशा बेतानं धरलेलं. सिनेमाच्या बाबतीत तर मी फारच कडक. ज्यात मारामारी आहे, गाणी आहेत किंवा लोकांना मजा येते, तो माझ्या मते सिनेमाच नव्हता.

खोडाळ्याला माझी बहीण राहते. भावोजी तिथल्याच शाळेत शिक्षक. शाळेला प्रोजेक्टर मिळाला तेव्हा ते म्हणाले, "आमच्या लोकांना एखादा चांगला पिक्चर दाखवा की."

'चांगला' म्हटल्यावर मला राहवेना. मी एक परदेशी सिनेमा निवडला. बर्फाळ डोंगरातला एक म्हातारा आपला बोकड विकायला लांबच्या बाजाराला निघतो, एवढीच गोष्ट. त्याच्याबद्दल एका मासिकात वाचलं होतं. स्वतः पाहिला नव्हता, पण ते कुणाला सांगायची गरज वाटली नाही.

रविवारी दुपारी वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावल्या. बहिणीच्या शेजारणी आल्या, बाजार उरकून काही माणसं आली. आमच्या गावाहून, साखरशेतहून, मी आईला मुद्दाम आणलं होतं. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं येणार आणि मी ती मराठीत सांगणार, असं ठरलं होतं. आधी मी संथ लयीवर छोटंसं भाषणही ठोकलं.

म्हातारा चालू लागला. बराच वेळ तो चालतच होता. कुणी काही बोलत नव्हतं, त्यामुळे मलाही सांगण्यासारखं काही नव्हतं. बहिणीनं आग्रह करकरून वाढलेली नागलीची भाकरी पोटात होती. पंखा गरगरत होता.

जाग आली ती हशानं. पडद्यावर म्हातारा एका दलालासमोर हातवारे करत होता आणि मागून आईचा आवाज येत होता, "दात काय बघतोस त्याचं? लगीन लावायचं हाय का त्याच्याशी?"

दलालाच्या वतीनं एक शेजारीण घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बोकड म्हातारा हाय!"

"म्हातारा मी हाय! बोकड जवान हाय!"

"आई, काय चाललंय हे?" मी कुजबुजलो.

"तू झोपलास. मग कुणी बोलायला नको? ती माणसं कवापासून भांडतायत."

"अगं, पण तो असं म्हणत नाहीये."

"मग काय म्हणतोय?"

मी घाईघाईनं पडद्याकडे पाहिलं. म्हातारा 'हे फार कमी आहेत' एवढंच म्हणत होता. पण मी एम.ए. होतो. "तो म्हणतोय की, हा बोकड म्हणजे एक प्रकारे त्याचं एकाकीपण..."

सगळ्यांनी पडद्यावरून माझ्याकडे माना वळवल्या.

"बाजारात असं कोण बोलतं?" आईनं विचारलं.

"तुम्ही पडा जरा," भावोजी प्रेमानं म्हणाले.

मी पडलो नाही, पण तोंड मिटून बसलो. शेवटी सौदा मोडून म्हातारा बोकडासकट बर्फातून परत निघाला, तेव्हा आईही बोलायची थांबली. कुणीतरी नाक ओढलं. माझेही डोळे भरून आले आणि त्याचा मला भयंकर राग आला. मासिक वाचून आवडलेला सिनेमा आता मला खरोखरच आवडला होता, तोही आईच्या चुकीच्या संवादांसकट.

चादरी काढताना फर्माईश आली, "पुढच्या वेळी मारामारीचा आणा. आवाज बंद करून लावा, बोलायचं आम्ही बघतो."

"विचार करतो," मी गंभीरपणे म्हणालो आणि जव्हारला पोचायच्या आत सिनेमा निवडूनही टाकला. मग आईला फोन करून खलनायकाचा आवाज मागितला. तो तिनं आधीच स्वतःकडे ठेवला होता. मला तिनं पोलीस दिला. तो सगळं संपल्यावर येतो, तेव्हा उठवू म्हणाली.