हवालदार तात्यांची झाकणाची शेगडी

आमचे शेजारी हवालदार तात्या विस्तवाला घरात घेत नसत. आमच्या मेढा गावचा पाऊस कोसळत असला तरी हा माणूस अंगणात पत्र्याखाली बसून रांधायचा. कुणाच्या घरी शेगडी पेटलेली दिसली की आधी खिडकी उघडायचा, मग रामराम. "इस्तूबी दम घेतो, पोरी. कोंडला की आपला घेतो," असं मला सांगायचे. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं आम्ही खुशाल म्हणत असू.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर त्यांची पलटण जपानात होती. तिथली जाड मातीची, झाकणाची चूल त्यांच्या मनात भरली. पेन्शनीत आल्यावर गावच्या कुंभाराकडून मातीत भाताचं तूस कालवून त्यांनी तशीच करवून घेतली. तीन तडकल्या, चौथी टिकली. "मूठभर कोळशात अख्खी कोंबडी, गड्या! धग भाईर जातच न्हाई." तिच्यातली रताळी खाल्ली की घरची गोड लागत नसत, हे मात्र खरं.

त्र्याहत्तर साली मी बाळंतपणाला माहेरी आले. गारठा मरणाचा, मुलगी बारा दिवसांची. तात्या साताऱ्याला गेलेले. आईनं त्यांना न विचारता ती शेगडी उचलून आणली, पेटवली आणि झाकण काढून माझ्या बाजेखाली ठेवली. दिवसभर धग धरते ना! बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दार लावलं, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या.

भर दुपारी डोकं जड झालं. पाहते तर पायथ्याशी सुमी. माझी धाकटी बहीण, विषमज्वरानं जाऊन सहा वर्षं झालेली. मला भीती वाटली नाही, हेच आठवून आजही अंगावर काटा येतो. "अक्का, चल की," ती म्हणाली. कुशीतली पोर रडायची थांबली होती. मी उठू लागले.

तेवढ्यात खिडकी फुटली. परत आलेल्या तात्यांना पत्र्याखालची शेगडीची जागा रिकामी दिसली होती, आणि आमचं दार-खिडकी बंद. "आवं वैनी, दार उघडा! मरतील दोघी!" त्यांनीच आम्हांला उचलून अंगणात आणलं. पोर कितीतरी वेळ निपचित होती, मग एकदाची रडली.

संध्याकाळी तात्यांनी हळूच विचारलं, "कुनी बोलवाय आलं हुतं का गं?"

"सुमी."

त्यांनी मान हलवली. "जपानात थंडी लय. माझा दोस्त गणपा कुडकुडत हुता, म्हणून मीच तसली चूल आत घेतली, दार लावलं. मी दाराच्या फटीशी, त्यो आत. म्हणाला, आय आलीया, बोलावतीया मला. त्याची आय कवाच मेलेली. मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हसून म्हणलं, जा की मंग."