बर्फात बुडालेली काठी

आमची निशिगंधा बर्फ मोजते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, गावातले हसून हसून दमले. शेजारचा भिकाजी मला वाटेत गाठून बोलला, "राहीबाय, चैतात इथं हंडाभर पाण्यासाठी बाया डोंगर उतरतात, नि तुमची भाची हिमालयात बर्फ मोजते?" मी बोलले, "होय तर. तुझी अक्कल मोजून झाली तिची, चिमटीत मावली. म्हणून पुढं गेली."

मी तिची आत्या. तिची आय लवकर गेली, तेव्हापासून मीच तिला वाढवली. महाडला कॉलेज केलं, मग पुण्याला भूगोल शिकली, नि तिथल्या एका सरांनी तिला आपल्या बर्फ मोजणाऱ्या तुकडीत घेतली. तिकडं हिमालयात बर्फाची नदी असते, दगडासारखी घट्ट. तिच्यात वाफेच्या यंत्रानं खोल भोक पाडायचं नि बांबूची काठी आत सोडायची. वर्षानं जाऊन बघायचं, काठी किती उघडी पडली. जेवढी उघडी, तेवढा बर्फ गेला. एवढंच काम, पण ती त्यासाठी जीव टाकायची.

दुसऱ्या वर्षी मात्र घात झाला. सगळ्यांत खालची काठी बघायला निशी पुढं गेली, तर काठी ही एवढी उघडी पडून कलंडलेली. आता बघा, आम्ही दरसाल परसाला वई घालतो, काट्याकुट्यांचं कुंपण. त्यातला खुंट कलला की आमच्यात कुणी विचार करत बसत नाय. सरळ करायचा, खाली दाबायचा, बुडाशी दगड ठोकायचे. लहानपणापासून हाताला तीच सवय. पोरीनं काठी सरळ केली नि अंगाचा भार टाकून दाबली. भोकात पाणी भरलेलं, काठी सर्रकन आत गेली. बुडाशी दगड रचताना तिच्या ध्यानात आलं, आपण मोजलंच नाय! पुढच्या सालासाठी काठी आता किती वर उरली ते तिनं लिहून ठेवलं, पण सरलेल्या वर्षाचा हिशोब तिच्या हातानं बुडाला. सांगताना माझ्यासमोर रडली गो ती, ओक्साबोक्शी.

पण लपवलं नाय. तशीच सरांकडं गेली नि घडलं ते सांगितलं. सर ओरडले नायत. गोडीत बोलले, "असू दे. शेजारच्या काठीवरून अंदाजानं आकडा काढू नि मोजला म्हणून लिहू. ती काठी तुझ्याकडं आहे, तू सही कर." निशी बोलली, "सर, मोजलाच नाय तर मोजला कसा लिहू?" ते बोलले, "अहवालात जागा रिकामी दिसली तर वरचे लोक मलाच विचारतील. घरी जा, शांतपणे विचार कर."

ती घरी आली तेव्हा भातकापणी चाललेली. चौथ्या रोजी धोंडूच्या दुकानात फोन आला. गावात तेवढाच एक फोन, म्हणजे बोलणारा एक नि ऐकणारे वीस. मी तिच्या बाजूला उभी होते, सरांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "सही करतेस की नाही? नाही केलीस तर पुढच्या वर्षी तुकडीत तुला जागा नाही."

माझा भाऊ रावजी, तिचा बाप, मागं कोयता घेऊन उभा. तो कुजबुजला, "गो, एक आकडा तर हाय, घाल की! कोण बघायला जातंय तिथं? मुळात सांगितलंस कशाला? हात दाखवून अवलक्षण!"

निशीनं फोनवर हात ठेवला. "आप्पा, आपल्या बांधाचा दगड वीतभर सरकला तेव्हा तुम्ही सरकारी मोजणी आणलीत. कुणी अंदाजानं ठेवला असता तर चाललं असतं तुम्हाला?"

"तो दगड आपला होता."

"ही काठी माझी हाय."

तिनं हात काढला नि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलली, "सर, लिहा. काठी निशिगंधाच्या चुकीनं बुडाली, मोजमाप झालं नाही. त्याच्याखाली मी सही करते. दुसऱ्या कशाखाली करणार नाही." तिकडनं फोन आपटला. मला एवढा आनंद झाला की धोंडूच्या बरणीतली मूठभर लिमलेटं उचलून मी पोरांना वाटली.

त्या साली ती महाडला शाळेत शिकवायला लागली. बोलायची कमी, जेवायची कमी. भादवा आला, तुकडी निघायची वेळ झाली, तरी कुणी बोलावलं नाय. एका सकाळी बघते तर बाई बूट घासत बसलेली. रजा टाकून आलेली.

"तिथनं हाकलून देतील गो," मी बोलले.

"हाकलू देत. बर्फ कुणाच्या बापाचा नाय, आत्ये."

मी तिला वीर स्टेशनावर सोडायला गेले. नाचणीच्या भाकऱ्या बांधून दिल्या, दुसरं काय देणार? गाडी गेल्यावर मात्र घोर लागला. एकटी पोर, नि तिथं ओळखीचं कुणी असलं तरी तिच्यावर रागावलेलं.

पुढचं तिनंच सांगितलं. तुकडीच्या मागनं ती दोन दिवस एकटी चढली. सरांनी बघून न बघितल्यासारखं केलं. तंबूत घेतलं नाय, तर वाटेतल्या मेंढपाळांच्या पालात झोपली. तिसऱ्या रोजी ती अंधारातच उठून पुढं निघाली; सगळे त्या काठीपाशी पोचले, तर ही आधीच तिथं उभी.

सर बोलले, "तुला कोणी बोलावलं?"

"कुणी नाय. ही काठी मी बुडवली, ही मीच मोजणार. मग हाकला."

सरांनी पाठीवरची पिशवी खाली ठेवली. मग बोलले, "या काठीची गेल्या वर्षीची जागा रिकामी राहिली. आजही लोक मला विचारतात. तुझ्यामुळं!"

"होय सर, माझ्यामुळं," निशी बोलली. "नि ती रिकामीच राहणार."

असं बोलून ती गुडघ्यावर बसली, पट्टी लावली नि यंदाचं मोजमाप मोठ्यानं सांगितलं. सरांनी वही काढली नि ते लिहून घेतलं.