पाडलेल्या चाळीचे चोपन्न पत्ते

भूतबीत मी मानत नाही हो. सदुसष्ट वर्षांत दाराला कधी लिंबू-मिरची बांधली नाही. तरी हे लिहितेय, कारण घरात आता कोणी ऐकून घेत नाही.

भांडुपला माझं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर विचारून विचारून शिकले. प्रिंटर वायफायच्या डब्याला जोडला की कॉम्प्युटरवरून त्याला पत्ता द्यावा लागतो — म्हणजे एक लांबलचक आकडा, शेवटचा भाग आपण ठरवायचा. पहिल्यांदा भाची मनीषा फोनवर म्हणाली, "मावशी, ॲड्रेस टाक," तर मी आपला आमच्या चाळीतल्या खोलीचा नंबर टाकला. एक्केचाळीस. ती पोट धरून हसली, पण प्रिंटर चालला ना...

गेल्या वर्षी चाळ पाडली. चोपन्न खोल्या. सगळ्यांना नवीन घर मिळणार, फक्त अडतीस नंबरच्या सुमतीला नाही. सर्वेच्या दिवशी ती मालवणला, दाराला कुलूप, म्हणून यादीत तिची खोलीच नाही. हरकतीच्या अर्जाचा शेवटचा दिवस, आणि साडेतीनला बाई दुकानात आली. ऑफिस पाचला बंद. माझा जुना प्रिंटर भंगारात गेलेला, नवा त्याच सकाळी आलेला.

एक्केचाळीस टाकला. कॉम्प्युटर म्हणतो, हा पत्ता आधीच कोणाकडे तरी आहे. मनीषाला फोन लावला.

"पिंग कर मावशी. म्हणजे त्या नंबरला हाक मार, कोणी असेल तर ओ देईल."

ओ आली.

"मग दुसरा दे ना."

बेचाळीस — ओ. त्रेचाळीस — ओ. प्रिंटरची वायर काढली, फोनचं वायफाय बंद केलं. तरी ओ. मनीषा म्हणाली, "डब्यातच काहीतरी लोच्या असेल. पुढचा बघ."

एकेक करत गेले... चोपन्नपर्यंत. पंचावन्नला कोणी बोललं नाही. वायर परत लावली, तो नंबर प्रिंटरने घेतला.

सुमती माझ्या खांद्यावरून बघत होती. "माझी अडतीस बघ गो."

बघितली. चार वेळा ओ आली.

"ह्यां छापून दी. खोली नाय म्हणतत ना, दाखवतंय तेंका."

"सुमे, वेडी का तू? याला कोण विचारतंय?"

"तू छाप."

अर्जामागे तो कागद लावला, रिक्षाने पावणेपाचला पोचलो. साहेबांनी अर्ज ठेवून घेतला, कागद परत दिला. "आजी, खोली होती त्याचा पुरावा आणा. लाईट बिल वगैरे." बिलं तर ढिगाऱ्यात गेलेली.

अर्ज फेटाळला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी अडतीसला हाक मारली. काही नाही. एक्केचाळीसलाही नाही. मनीषा येऊन डबा तपासून गेली. म्हणते, सगळं नीट आहे, त्या दिवशी काय झालं मलाही सांगता येत नाही. तुमच्यात कोणाला कळत असेल तर सांगा बाबांनो.

सुमती तो कागद पिशवीत घेऊन फिरते. दर आठवड्याला दुकानात येते आणि विचारते, "अडतीस अजून ओ देता ना गो?"

मी म्हणते, देते.