सावकाराच्या भाच्याच्या हरण्याचं मराठी

तुमच्या आईने ही गोष्ट तुम्हाला सांगितली नसेल. माझं तेव्हाचं वागणं तिला पटलं नव्हतं.

खटकचिंचोळीत तेव्हा एकच टीव्ही होता, सावकाराचा. रविवारी तो ओट्यावर मांडत. सावकाराच्या जातीची माणसं ओट्यावर बसत. आमच्या बौद्ध वस्तीतली खाली अंगणात, पोत्यावर. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. म्हणून सावकार वरून विचारी, "बाई, काय म्हणायलाय त्यो?" आणि मी खालून मराठी करून सांगे. वर ये, असं तो कधी म्हणाला नाही. माझ्या लेकीला, तुमच्या आईला, बीदरच्या कॉलेजात घातलं, तेव्हा चारचौघांत म्हणाला, "शिकून काय टीव्हीत दिसणार हाय का पोरगी?" सगळे हसले. ते हसणं मी जपून ठेवलं.

दोन वर्षांनी ती टीव्हीवरच्या इंग्रजी प्रश्नमंजुषेत अंतिम फेरीला पोचली. समोर गुलबर्ग्याला शिकणारा सावकाराचा भाचा. चित्रीकरण कार्यक्रम दाखवायच्या महिनाभर आधीच झालं होतं. ती जिंकून आली, आणि मी तिला बजावलं, कुणाला सांगायचं नाही. भाच्याने तर घरी "नंबर माझाच" असं ठोकून दिलं होतं. सावकाराने गावाला आवतण दिलं, भालकीहून पेढे आणवले. एका वाक्यात मला त्याची अब्रू वाचवता आली असती. मी पोतं झटकलं आणि सगळ्यांच्या पुढे बसले.

"बाई, मोठ्यानं सांग. समद्यांला कळू दे."

मी मोठ्यानेच सांगितलं. भाच्याचं पहिलं उत्तर चुकलं, त्याचं मराठी केलं. दुसरं चुकलं, त्याचंही केलं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज लावला होता.

"कामून चुकायलाय ह्यो?" सावकार पुटपुटला.

"अभ्यास कमी पडलाय, असं ते प्रश्न विचारणारे साहेब म्हणायलेत," मी म्हणाले. साहेब तसं काही म्हणाले नव्हते. तेवढी भर माझी.

शेवटचा प्रश्न: कोणत्या ग्रहाचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा? भाचा म्हणाला, गुरू. तुमची आई म्हणाली, शुक्र. टाळ्या वाजल्या. त्यांचं मराठी करायची गरज नव्हती.

सावकार बटणाकडे गेला. ओट्यावरचीच एक म्हातारी ओरडली, "आरं, थांब की! गावची पोरगी हाय, बक्षीस घेऊ दे तिला." तो तसाच उभा राहिला. मग माझ्याकडे वळला. "तुला आधीच ठाऊक व्हतं न्हाई?"

"व्हय."

"मंग सांगितली न्हाईस कामून?"

मी उठले, चपला काढल्या, पायऱ्या चढले आणि टीव्हीसमोर त्याच्याच सतरंजीवर बसून माझ्या मुलीला बक्षीस घेताना पाहिलं. कुणी मला ऊठ म्हणालं नाही.

तुमची आई म्हणते, त्या माणसाला असं गावासमोर उघडं पाडायला नको होतं. तुमची आई माझ्यापेक्षा भली आहे.