उंबर पडल्यासारखा आवाज

मी महाडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आज बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी सकाळी मात्र मी सावित्री नदीच्या काठावर मासे धरायचा रॉड घेऊन उभी असते. ते मी कुणाकडून आणि कसं शिकले, तेही अभिमानानंच सांगणार आहे.

आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची, भाताची थोडी जमीन होती. बाकीचं घर नदीवर चालायचं. भरतीबरोबर खाडीतून वर येणारा जिताडा गळावर धरावा तर आबांनीच, असं गाव म्हणायचं. गळाला जिवंत कोळंबी, दोरी बोटावर, आणि तास न् तास हालचाल नाही. मी शेजारी जाऊन बसले की म्हणायचे, "उठ गो बाय, पुस्तक घे. हे तुझं काम नाय." त्यांच्या मासळीवर मी शिकले, पण गळाला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही.

तीन वर्षांपूर्वी लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला. काठी घेऊन चालता येत होतं, तरी नदीवर जाणं त्यांनी सोडलं. आमचं घर काठालाच आहे, मधे फक्त केळी. पडवीतली खाट त्यांनी फिरवून घेतली, नदीकडे पाठ करून. आई म्हणाली, "चला, नुसतं बसून या." ते म्हणाले, "हात नाय तर नदी कशाला?"

मला त्यांना परत काठावर आणायचं होतं. सांगून ते येणार नव्हते. मग मी फोनवर व्हिडिओ बघितले आणि रॉड, रील आणि दोन पॉपर मागवले. पॉपर म्हणजे बोटाएवढा नकली मासा. तो पाण्यावर तरंगतो. त्याचं तोंड वाटीसारखं खोलगट असतं. झटका दिला की त्या वाटीत पाणी अडतं, पुढं उडतं आणि आवाज होतो. मोठ्या माशाला वाटतं, वर काहीतरी खाण्यासारखं आहे.

पहिल्याच रविवारी शेजारचे काका काठावरून ओरडले, "काय मॅडम, कारखाना बंद पडला काय?" त्याचं मला काही वाटलं नाही. पण घरी आले तर आबांचा चेहरा उतरलेला.

"लोक काय म्हणतील? पोरगी शिकवली शिकवली आणि शेवटी गळच हातात दिला?"

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, आता ते येणं राहिलं बाजूला, मी त्यांना आणखीच लांब ढकललं. तरी मी जात राहिले. महिनाभर काही लागलं नाही. रॉडचं टोक खाली ठेवून मनगटानं झटका द्यायचा, एवढं जमलं होतं. मी झटक्यावर झटके देत होते. पाणी नुसतं घुसळून निघायचं.

एका रविवारी मागे काठीचा टकटक आवाज आला. वळून बघते तर आबा, केळीतून खाली उतरत होते.

"काय चाललंय गो हे? मला वाटलं, कोणाची म्हैस उतरली पाण्यात."

"व्हिडिओत असंच करतात, आबा."

"मग व्हिडिओतलाच मासा लागंल तुला."

ते दगडावर बसले. डाव्या हातानं समोरचं उंबर दाखवलं. आमच्या वळणावर त्या झाडाची एक फांदी पाण्यावर आली आहे.

"उंबर पाण्यात पडतं तेव्हा किती आवाज येतो?"

"बारीक. एकदाच."

"मग ते उड्या मारतं काय?"

"नाही. पडून राहतं."

"हां. त्या आवाजाला बारकी मासळी येते. बारक्या मासळीच्या मागनं जिताडा. त्याला बघायला वेळ दे. पाण्याची वलयं काठाला लागू देत, मग दुसरं उंबर पाड."

जिताडा काही उंबरं खात नाही, पण उंबराखाली कोण येतं हे त्याला ठाऊक असतं. आणि ते आबांना ठाऊक होतं. एवढं मला एकाही व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं.

मी पॉपर फांदीच्या पलीकडे टाकला, म्हणजे त्याच्या पडण्यानं मासा बुजणार नाही. हळू ओढून सावलीत आणला. एक झटका, बारीक. थांबले. वलयं काठाला लागली. दुसरा झटका. पाणी एकदम फुटलं, मी घाबरून रॉड उचलला, आणि पॉपर हवेतून येऊन आबांच्या पायाजवळ गवतात अडकला.

आबा हसले. तीन वर्षांनी हसले. "डोळ्यानं ओढलंस. हाताला वजन लागेपर्यंत ओढायचं नाय."

पुढचे तीन रविवार ते माझ्याआधी दगडावर हजर. सावित्रीत मगरी आहेत. मी पाण्याच्या फार जवळ गेले की ओरडायचे, "मागं हो, मगर काय डिग्री विचारणार नाय."

चौथ्या रविवारी भरती चढत होती. दुसऱ्या झटक्यानंतर पाणी फुटलं आणि या वेळी मी थांबले. पॉपर दिसेनासा झाला. मग मनगटाला जड लागलं, तेव्हा रॉड बाजूला ओढला. जिताडा पाण्याबाहेर उसळला आणि डोकं झाडू लागला.

"टोक खाली! लाईन ढिली सोडू नको!" आबा उभे राहिले होते.

दहा मिनिटं गेली असतील. मी मागं सरकत मासा उतारावर ओढला. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते, म्हणून आबांनी टॉवेल त्याच्यावर टाकला आणि डाव्या हातानं दाबून धरला. मासा उसळत होता, पण हात सुटला नाही.

तेवढ्यात शेजारचे काका आले. "काय आबा, पोरगी शेवटी गळावरच आली की!"

याच बोलण्याला ते घाबरत होते. आता टॉवेल टाकून खाटेवर परत जातील, असं वाटलं.

आबांनी वर बघितलं. "आली ना. शिकून आली. तुझ्यासारखी नाय, शाळा चुकवून." मग माशाकडे बघून म्हणाले, "हात माझा नाय चालत, तर तिचा चालतो. आणि बाजूला हो जरा, तिची फेक तिथनं जाते."

काका बाजूला झाले. आबांनी इतक्या लोकांना माझी मार्कशीट दाखवली असेल, पण मला कधी इतकी ताठ मान करून उभं राहावंसं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी आईनं कालवण केलं. जेवून झाल्यावर आबा म्हणाले, "ती खाट फिरव गो." मी फिरवली, नदीकडे तोंड करून.

पाय दुखतात तेव्हा ते आता खाटेवरूनच ऐकतात. माझा एखादा झटका जोरात बसला, की केळीच्या आडून हाक येते, "म्हैस!" मी थांबते. वलयं काठाला लागू देते.